पाळण्याशेजारचा तास

१९४१ साली लंडनच्या हॅम्पस्टेड भागातल्या एका घरात जेम्स रॉबर्टसन नावाचा तरुण बॉयलर पेटता ठेवण्याच्या कामाला लागला. ग्लासगोजवळच्या कामगारवस्तीत वाढलेला, चौदाव्या वर्षी शाळा सुटलेला आणि युद्धात शस्त्र हाती घ्यायला नकार दिलेला माणूस. त्याची बायको जॉईस त्याच घरात लहान मुलं सांभाळायला शिकत होती. ते घर म्हणजे बॉम्बहल्ल्यांमुळे घराला किंवा आईवडिलांना दुरावलेल्या मुलांचं निवासी बालगृह. अ‍ॅना फ्रॉइड आणि त्यांच्या सहकारी डॉरोथी बर्लिंगहॅम ते चालवत होत्या. तिथला एक नियम झाडून सगळ्यांना लागू होता. काम कुठलंही असो, मुलांच्या वागण्यात जे दिसेल ते कार्डावर लिहून द्यायचं. बॉयलर सांभाळणाऱ्या रॉबर्टसनलाही त्यातून सूट नव्हती. ही कार्डं समोर ठेवून मग सगळ्यांची चर्चा चाले.

त्या घरात विद्यापीठ नव्हतं, पदवी नव्हती, परीक्षा नव्हती. अ‍ॅना फ्रॉइड स्वतः व्हिएन्नात प्राथमिक शाळेच्या शिक्षिका होत्या. विद्यापीठाची पायरी त्या विद्यार्थिनी म्हणून कधी चढल्या नाहीत. तरीही आज मनोविश्लेषणाच्या अंगाने बालविकास शिकवणारे जे पदव्युत्तर अभ्यासक्रम आहेत, त्यांची मुळं अशा घरांत, त्या कार्डांच्या चळतींत आहेत. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने अ‍ॅना फ्रॉइड यांच्या संस्थेसोबत एमएस्सीचा अभ्यासक्रम उभा केला. त्याच शहरातल्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकचा असाच एक अभ्यासक्रम मुलांबरोबर काम करणाऱ्या शिक्षक, परिचारिका, समाजकार्यकर्ते यांच्यासाठी आहे. वाचायला ढीगभर असतं, प्रबंध असतो, संशोधनपद्धतीचे तास असतात. पण या शिक्षणाचा कणा वेगळाच आहे. विद्यार्थ्याने दर आठवड्याला एका घरी जायचं, आणि तिथल्या तान्ह्या बाळाकडे तासभर बघत बसायचं.

हे ऐकायला फार सोपं वाटतं. बाळाकडे कोण बघत नाही? पण नियम ऐकले की त्यातली मेख कळते. घर ओळखीचं नको. बाळ आजारी किंवा अडचणीतलं शोधायचं नाही, साध्यासुध्या घरातलं हवं. शक्यतो जन्माआधीच आईवडिलांना भेटून परवानगी घ्यायची. वार ठरलेला, वेळ ठरलेली. वही न्यायची नाही, फोन बाहेर काढायचा नाही, प्रश्नावली नाही. बाळाला खेळवायचं नाही, आईला सल्ला द्यायचा नाही, आणि पुतळ्यासारखं थंड बसून घरच्यांना अवघडूनही टाकायचं नाही. बाळ हसलं तर हसायचं, आई बोलली तर ऐकायचं. तास संपला की निघायचं, आणि त्याच दिवशी, आठवण ताजी असताना, सगळं क्रमाने लिहून काढायचं. टॅव्हिस्टॉकच्या परंपरेत हे बाळ दोन वर्षांचं होईपर्यंत चालतं. विद्यापीठाच्या छोट्या अभ्यासक्रमांत साधारण वर्षभर.

लिहितानाची शिस्त आणखी कडक. ‘बाळ चिडलं होतं’ असं लिहिलं की गटातली मंडळी विचारणार, म्हणजे काय दिसलं? मुठी आवळल्या होत्या का? पाय पोटाशी घेतले होते का? रडणं एका दमात होतं की थांबत थांबत? आई खोलीत आली तेव्हा आधी आवाज थांबला की आधी मान वळली? ‘आईचं बाळाकडे लक्ष नव्हतं’ हे वाक्यही चालत नाही. ती फोनवर बोलत होती आणि तिचा एक हात बाळाच्या पोटावर होता, असं असेल तर तसं लिहा. बाळाच्या मनात काय चाललंय हे ठरवण्याची घाई करायची नाही. तीच गोष्ट चार-सहा आठवडे पुन्हा पुन्हा दिसली तर मग तिच्याबद्दल बोलू.

ही रीत बसवली एस्थर बिक यांनी. त्या मूळच्या पोलंडमधल्या प्शेमिश्लच्या, ज्यू. व्हिएन्नात शार्लट ब्यूलर यांच्याकडे त्यांनी बालमानसशास्त्राची डॉक्टरेट केली. ब्यूलर यांची पद्धत मोजमापाची होती: मुलाने किती वेळा काय केलं, किती सेकंदांत केलं. बिक यांना या आकड्यांत मूल सापडेना. नाझींमुळे त्यांना व्हिएन्ना सोडावं लागलं आणि त्या इंग्लंडला आल्या. १९४८ मध्ये मनोविश्लेषक जॉन बोल्बी यांनी त्यांना टॅव्हिस्टॉकमध्ये बालमानसोपचारकांचं प्रशिक्षण उभारायला बोलावलं, तेव्हा त्यांनी पहिल्या वर्षातच तान्ह्या बाळाचं निरीक्षण ठेवलं. उपचार शिकण्याआधी बघायला शिका, असा त्याचा अर्थ. १९६० पासून लंडनच्या मनोविश्लेषण संस्थेनेही ते आपल्या विद्यार्थ्यांना लावलं, आणि १९६४ मध्ये बिक यांनी या पद्धतीवर लिहिलेला निबंध आजही पहिल्या आठवड्यात वाचायला देतात.

बिक यांना या निरीक्षणांतून जे दिसलं ते विलक्षण आहे. अगदी कोवळं बाळ कपडे काढताना किंवा खाली ठेवताना जणू सांडून जाईल असं थरथरतं, आणि मग स्वतःला कशाच्या तरी आधाराने गोळा करतं. कधी दिव्याकडे एकटक बघून, कधी आईच्या आवाजाला धरून, कधी तोंडातल्या स्तनाला. आंघोळ घालताना उघडं पडलेलं बाळ एकदम किंचाळतं आणि त्याच्या छातीवर नुसता पंचा टाकला तरी शांत होतं, हे आपल्याकडे न्हाऊ घालणाऱ्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे. बिक यांनी त्यावर थांबून विचार केला. १९६८ च्या छोट्याशा निबंधात त्यांनी मांडलं की सुरुवातीला बाळाला आपलं मन एकसंध आहे असं वाटतच नाही. त्वचेला त्वचा लागल्याने, कुणीतरी धरल्याने ते एकसंध होतं. ज्यांना असं धरणं मिळत नाही ती मुलं स्वतःचं स्नायूंचं चिलखत बनवतात: सतत हलती, ताठ, अकाली स्वावलंबी. बालवाडीतलं ‘किती शहाणं, रडत म्हणून नाही’ असं मूल आठवा. ते शहाणपण कुठून आलं असेल, हा प्रश्न या एका निबंधाने माझ्यापुढे कायमचा ठेवला.

आता त्या तासात विद्यार्थ्याचं काय होतं? माझ्या मते या शिक्षणातला सगळ्यात मोलाचा भाग तोच आहे. बाळ रडतंय, आई स्वयंपाकघरात आहे, आणि तुम्ही दोन हातांवर खुर्चीत बसलात, हात मात्र पुढे करायचे नाहीत. पोटात तुटतं. आईचा राग येतो. किंवा उलट, बाळाचा राग येतो आणि आईची कीव. पाच-दहा मिनिटांनी झोपच येऊ लागते. मनोविश्लेषण म्हणतं, हे सगळं टाकाऊ नाही. निरीक्षकाला जे वाटतं तेही त्या खोलीतलंच काहीतरी सांगतं. झोप का आली? असह्य होतं म्हणून? घरातच कुणी काही न बघण्याची सवय लावून घेतली आहे म्हणून? चार-पाच जणांच्या साप्ताहिक चर्चागटात अनुभवी मार्गदर्शकासमोर हे उलगडतं. जो विद्यार्थी पहिल्या महिन्यात आईवर ताशेरे मारत होता, तो वर्ष संपता संपता तिच्या दमलेल्या खांद्यांबद्दल लिहू लागतो. पुढे हाच विद्यार्थी शिक्षक होवो, डॉक्टर होवो की समुपदेशक, रडणाऱ्या माणसासमोर काहीही न करता दोन मिनिटं थांबण्याची ताकद त्याला इथे मिळते. दुसऱ्या कुठल्या अभ्यासक्रमात ती इतकी पद्धतशीर शिकवलेली मला दिसत नाही.

वाचनाची बाजूही उघडून बघायला हवी, कारण आपल्याकडे या विषयाची ओळख फारच वाईट पद्धतीने होते. मानसशास्त्राच्या पदवीच्या पुस्तकात सिग्मंड फ्रॉइड, म्हणजे अ‍ॅना यांचे वडील, पाच अवस्थांच्या यादीत संपतात आणि परीक्षेत त्यावर टीप येते. पण १९२० च्या पुस्तकात फ्रॉइड जे करतात ते साधं निरीक्षणच आहे. त्यांचा दीड वर्षाचा नातू दोरी बांधलेलं लाकडी रीळ पाळण्याच्या पडद्याआड फेकतो, लांब आवाज काढतो, मग दोरी ओढून रीळ परत आणतो आणि खूश होतो. आई बाहेर जाते तेव्हा हे मूल रडत नाही. पण हा खेळ तासन्‌तास खेळतं. जे आपल्यावर गुदरतं ते मूल खेळात स्वतःच्या हातात घेतं, हा विचार तिथून निघाला आणि त्यावर पुढे खेळातून उपचार करण्याची सगळी इमारत उभी राहिली.

त्या इमारतीच्या मालकीवरून मोठं भांडण झालं. मेलनी क्लाइन १९२६ मध्ये लंडनला आल्या होत्या. मुलाचा खेळ म्हणजे मोठ्यांच्या स्वप्नासारखाच, त्याचा थेट अर्थ लावता येतो, असं त्या मानत. अ‍ॅना फ्रॉइड १९३८ मध्ये वडिलांबरोबर नाझींच्या तावडीतून सुटून त्याच शहरात आल्या. मुलाचं मन अजून घडतंय, त्याला आईवडिलांपासून, शाळेपासून तोडून वाचता येत नाही, हा त्यांचा आग्रह. डोक्यावर बॉम्ब पडण्याच्या त्या काळात, १९४२ ते १९४४, ब्रिटिश मनोविश्लेषण सोसायटीत या दोन पक्षांच्या रीतसर वादसभा झाल्या. शेवटी दोन्ही पंथांना वेगवेगळं प्रशिक्षण आखून देऊन तोड काढली. आजचा विद्यार्थी दोघींनाही वाचतो, आणि कुणाही एकीचा झेंडा खांद्यावर न घेता वाचतो, ही चांगली गोष्ट झाली.

या दोघींच्या मधे, कुठल्याच गटात न मावणारे डॉनल्ड विनिकॉट होते. ते बालरोगतज्ज्ञ. पॅडिंग्टन ग्रीनच्या मुलांच्या इस्पितळात त्यांनी चाळीस वर्षं बाह्यरुग्ण विभाग चालवला. त्यांचा १९४१ चा एक निबंध मला या सगळ्या साहित्यात सर्वांत लाडका आहे. खोली मोठी. आई बाळाला घेऊन लांबून चालत येते, टेबलाच्या कोपऱ्याशी बसते. टेबलाच्या कडेला जीभ दाबून घसा बघायची चकचकीत, काटकोनात वाकवलेली धातूची पट्टी ठेवलेली. आईला एवढंच सांगितलेलं असतं की थोडा वेळ मधे पडू नका. बाळ पाच ते तेरा महिन्यांचं. ते पट्टीकडे हात नेतं, आणि थबकतं. मोठ्या डोळ्यांनी आईकडे बघतं, डॉक्टरांकडे बघतं, अंग स्थिर होतं. कधी कधी आईच्या पोलक्यात तोंड खुपसतं. हळूहळू त्याच्या तोंडात बदल होतो: ओठ सैल, जीभ जाड, लाळ गळायला लागते. मग पट्टी तोंडात जाते आणि सगळा नूरच पालटतो. आता ती त्याच्या मालकीची. टेबलावर आपटून आवाज करायचा, आईला खोटं खोटं भरवायचं, डॉक्टरांच्या तोंडाशी न्यायची. कुणी खरंच तोंडात घेतली तर मात्र नाराजी. शेवटी पट्टी हातातून पडते, जणू चुकून. उचलून दिली की आनंद. मग मुद्दाम टाकतं, पुन्हा टाकतं, आणि एका क्षणी त्याला त्यात रस उरत नाही.

हे प्रत्येक घरात घडतं, चमच्याने, किल्ल्यांच्या जुडग्याने. विनिकॉट यांनी हजारो बाळांत हा क्रम पाहिला म्हणून त्यातली अडखळण त्यांना दिसली. थबकण्याच्या टप्प्यावर एका दमेकरी बाळाला त्यांच्यासमोर धाप लागली, आणि पट्टी हाती आल्यावर ती उतरली. तो संकोच बाहेरच्या कुणाच्या धाकाचा नव्हता. आई काही ओरडली नव्हती. इच्छा आणि तिची भीती एवढ्याशा जिवात आधीच सोबत राहत होत्या. म्हणूनच विनिकॉट सांगत की पट्टी बाळाच्या तोंडात कोंबू नका. थबकू द्या. त्या थबकण्यातून मूल स्वतःहून बाहेर येतं, त्यातच त्याचं सगळं बळ आहे.

मूल कवटाळून झोपतं त्या चिंध्यांकडेही विनिकॉट यांनीच जगाचं लक्ष वेधलं. आजीच्या जुन्या नऊवारीची गोधडी, तीच हवी, धुतलेली चालत नाही, वास गेला तर झोप नाही, हे मराठी घरांत नवं नाही. विनिकॉट म्हणत, ती वस्तू मुलाला सापडली की मुलाने निर्माण केली, हा प्रश्न त्याला विचारायचा नाही. आई आणि बाहेरचं जग यांच्या मधल्या जागेत ती असते, आणि माणसाचा खेळ, पुढे कला आणि धर्मसुद्धा, याच जागेत वाढतात. गोधडी लपवून ‘मोठा झालास ना आता’ म्हणणाऱ्या आपल्या घराघरांतल्या मंडळींपर्यंत एवढं एक जरी पोचलं, तरी खूप झालं.

आता पुन्हा युद्धकाळातल्या त्या बालगृहांकडे येतो, कारण या विद्येने प्रत्यक्ष जगात काय बदललं ते तिथून सुरू होतं. हॅम्पस्टेडमधली दोन घरं आणि एसेक्समधलं एक, मिळून ऐंशीच्या वर मुलं तिथे राहत. पैसा अमेरिकेतल्या देणगीदारांकडून येई आणि त्यांना दरमहा अहवाल जाई. त्या अहवालांमुळे आज आपल्याला मुलांच्या दिवसांचा इतका बारीक तपशील मिळतो. पहिला निष्कर्ष सगळ्यांना चकित करणारा होता: आई शेजारी आणि शांत असेल तर मुलं बॉम्बहल्ल्यातही फारशी हादरत नव्हती. त्यांना मोडून टाकत होती ती ताटातूट. सुरक्षित खेड्यात पाठवलेलं मूल शहरातल्या भुयारात आईला बिलगून झोपणाऱ्या मुलापेक्षा वाईट अवस्थेत असे.

दुसरा निष्कर्ष संस्था चालवणाऱ्या प्रत्येकाने वाचावा असा आहे. सुरुवातीला सगळ्या परिचारिका सगळ्या मुलांचं करत. मुलं जेवत होती, वाढत होती, पण बोलणं रखडलेलं, शी-शूचं वळण लागत नाही. मग त्यांनी मुलांचे लहान लहान ‘परिवार’ केले आणि प्रत्येक परिवाराला एकच आईसारखी बाई दिली. पहिल्या काही दिवसांत हलकल्लोळ झाला. आजवर समजूतदार असलेली मुलं आपल्या बाईला दुसऱ्याचा हात लागला की चावत, ओरबाडत, ती खोलीबाहेर गेली की आकांत करत. कुठलाही व्यवस्थापक हा प्रयोग तिथेच बंद करता. अ‍ॅना फ्रॉइड यांनी वाट पाहिली. काही आठवड्यांत वादळ शमलं आणि त्याच मुलांची भाषा, स्वच्छतेच्या सवयी झपाट्याने पुढे गेल्या. मत्सर आणि माया हातात हात घालूनच आले, आणि त्या मायेपोटी मुलं शिकली. १९४४ मध्ये हे अनुभव पुस्तकरूपाने आले.

युद्धानंतर रॉबर्टसन टॅव्हिस्टॉकमध्ये बोल्बींच्या हाताखाली आले. त्यांना काम दिलं इस्पितळात दाखल झालेल्या लहान मुलांकडे बघण्याचं. तेव्हाच्या इंग्लंडमध्ये आईवडिलांना आठवड्यातून जेमतेम एखाद-दोन वेळा भेटू देत, कुठे तर अजिबात नाही. भेट झाली की मुलं रडतात, वॉर्डाची शिस्त बिघडते, हे कारण. रॉबर्टसन यांना वॉर्डात तीन टप्पे दिसले. आधी मूल आक्रोश करतं. मग खचतं, गप्प होतं. आणि मग ‘रुळतं’: हसतं, सगळ्यांकडे जातं, आणि आई आली तर तिच्याकडे बघतही नाही. परिचारिकांच्या लेखी हा तिसरा टप्पा म्हणजे बरं होणं. रॉबर्टसन यांच्या लेखी ती सगळ्यात काळजीची खूण. सांगून कुणी ऐकेना, तेव्हा त्यांनी हातात धरायचा साधा कॅमेरा घेतला. प्रतीक्षा यादीतून चिठ्ठी काढल्यासारखी एक मुलगी निवडली, कारण निवडक मूल घेतल्याचा आरोप होणार हे त्यांना ठाऊक होतं. रोज त्याच ठरलेल्या वेळी चित्रण केलं आणि भिंतीवरचं घड्याळ चौकटीत ठेवलं.

ती लॉरा. वय दोन वर्षं पाच महिने, बेंबीच्या हर्नियाची शस्त्रक्रिया, मुक्काम आठ दिवस. ती फारशी रडत नाही, हेच त्या चित्रपटाचं भीषणपण आहे. स्वतःला आवरते. चेहऱ्यावर हसू येतं आणि मधेच, काही कारण नसताना, ती आईला विचारते, म्हणजे हवेला विचारते, आई कुठे आहे म्हणून. टेडी आणि आपलं पांघरूण घट्ट धरून असते. आई भेटायला येते तेव्हा दिवसागणिक जवळ यायला जास्त वेळ लागतो. घरी निघायच्या दिवशी ती आपल्या सगळ्या वस्तू गोळा करते, एकही मागे राहू देत नाही, आणि आईचा हात मात्र धरत नाही. १९५२ च्या नोव्हेंबरमध्ये रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनमध्ये हा चित्रपट दाखवला तेव्हा डॉक्टर आणि परिचारिका संतापल्या. पण बघितलेलं न बघितलेलं करता येत नाही. १९५९ च्या सरकारी अहवालाने आईवडिलांना मुलाजवळ मोकळेपणी येऊ द्यावं असं सांगितलं. १९६१ मध्ये लंडनमधल्या आयांनी त्यासाठी संघटनाच काढली. आज मुलाच्या खाटेशेजारी आईने राहणं जगभर स्वाभाविक वाटतं.

या विद्येवर आक्षेपही जबरदस्त आहेत, आणि चांगले अभ्यासक्रम ते लपवत नाहीत. मनोविश्लेषक मार्गारेट माहलर म्हणत, बाळ पहिले काही आठवडे जगापासून जणू मिटलेलं असतं. डॅनियल स्टर्न यांनी १९८५ मध्ये प्रयोगांच्या आधारे दाखवलं की नवजात बाळ पहिल्यापासून माणसांकडे वळलेलं असतं, आणि अशा पुराव्यांपुढे माहलर यांनीही आपली मांडणी सैल केली होती. १९७८ मध्ये एडवर्ड ट्रॉनिक आणि सहकाऱ्यांनी आईला दोन-तीन मिनिटं निर्विकार चेहऱ्याने बसायला सांगितलं. काही महिन्यांचं बाळ आधी हसून, हात पसरून तिला परत मिळवू बघतं, मग तोंड फिरवतं. मोजमाप आणि मनोविश्लेषण यांचा संसार शक्य आहे, याचा माझ्या दृष्टीने सर्वांत भक्कम पुरावा लंडनमध्येच मिळाला. पीटर फॉनगी आणि मिरियम व हॉवर्ड स्टील यांनी सुमारे शंभर गरोदर बायकांशी त्यांच्या स्वतःच्या बालपणाबद्दल सविस्तर बोलून घेतलं. बाळ जन्मायच्या आधीच्या त्या मुलाखतींवरून, वर्षाचं झाल्यावर ते बाळ आईशी निर्धास्त असेल की नाही हे चारांपैकी तीन वेळा बरोबर सांगता आलं. आईचं बालपण सुखाचं होतं की दुःखाचं, यापेक्षा ती त्याबद्दल किती सुसंगत, किती प्रांजळपणे बोलू शकते याला महत्त्व होतं. दुसऱ्या टोकाला फ्रान्सचे आंद्रे ग्रीन. १९९७ मध्ये स्टर्न यांच्याशी झालेल्या जाहीर वादात त्यांनी ठणकावलं की बाळाकडे बघून मनोविश्लेषणाला काही मिळत नाही; नेणीव डोळ्यांना दिसत नाही. ग्रीन यांचं म्हणणं तात्त्विकदृष्ट्या खोडणं अवघड आहे. पण लॉराला पाहिल्यावर ते पटवून घेणं त्याहून अवघड.

आपल्याकडे काय आहे? मनोविश्लेषण भारतात लवकर आलं. गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ मध्ये कलकत्त्यात सोसायटी स्थापन केली, फ्रॉइड यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार होता. पण मूल त्या परंपरेच्या केंद्रात फारसं आलं नाही. सुधीर कक्कर यांनी १९७८ च्या पुस्तकात भारतीय मुलाची कथा मांडली: चार-पाच वर्षांपर्यंत आईच्या अंगाखांद्यावर अखंड वावर, आणि मग मुलग्याला एकदम पुरुषांच्या जगात लोटणं, जणू दुसरा जन्म. पुढे स्टॅन्ली कुर्त्झ यांनी १९९२ मध्ये आक्षेप घेतला की तुम्ही एक आई गृहीत धरता, या घरांत तर अनेक आया आहेत. काकू, आत्या, आजी मुलाला आईकडून हळूहळू सोडवून घेतात आणि गटात आणतात. मला हा मुद्दा महत्त्वाचा वाटतो, आणि तो खोलीत बसून सुटणारा नाही. माहेरच्या बाळंतपणानंतर तीन महिन्यांचं बाळ सासरी येतं, तेव्हा त्याच्या अंगाला ओळखीचे असलेले हात, वास, आवाज एका दिवसात बदलतात. त्या आठवड्यात ते काय करतं? हे लिहून ठेवलेलं मला वाचायचं आहे.

मोजायचं काम आपण केलं आहे, आणि उत्तम केलं आहे. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात प्रमिला फाटक यांच्या नेतृत्वाखाली महिन्याभरापासून तीस महिन्यांपर्यंतच्या भारतीय बाळांच्या वाढीचा अभ्यास झाला. त्यातून बनलेल्या मापनश्रेणीत हालचालींच्या ६७ आणि मानसिक वाढीच्या १६३ कसोट्या आहेत. देशभरच्या बालरोग विभागांत ती आजही वापरतात. मूल मागे पडतंय का हे तिच्यामुळे वेळेवर कळतं. मूल त्या वेळी कुणाकडे बघत होतं, हे त्या श्रेणीने सांगावं अशी अपेक्षा नाही. त्यासाठी दुसरी विद्या लागते.

आणि त्या विद्येचं बीज महाराष्ट्रात पडलेलं आहे, हे आपण विसरतो. अ‍ॅना फ्रॉइड यांची १९३७ ची व्हिएन्नातली पहिली शिशुशाळा, शहरातल्या अत्यंत गरीब घरांतल्या बाळांसाठी, माँटेसरी शाळेच्याच जागेत भरत असे. माँटेसरींचं ऋण त्यांनी कायम मानलं. तेच ऋण घेऊन ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांसोबत घडल्या, १९३६ मध्ये दादरला शिशुविहार काढलं, १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. आदिवासी मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी मुलं येत का नाहीत ते पाहिलं आणि बालवाडी त्यांच्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा नेली. आधी मुलाकडे बघायचं आणि मग संस्था बदलायची, हा क्रम हॅम्पस्टेडचाच आहे.

एम. ए. किंवा एमएस्सीच्या मराठी विद्यार्थ्याला पाळण्याशेजारी बसवायचं तर लंडनचे नियम थोडे वाकवावे लागतील. आपल्या घरात पाहुण्याला रिकाम्या हातांनी बसू देत नाहीत. चहा येईल, मग आजी ‘घे गं जरा, मी दूध बघते’ म्हणून बाळ सरळ मांडीवर देतील. तेव्हा नियम सांगत बसण्यात अर्थ नाही. बाळ घ्यायचं, आणि मांडीवर आल्यावर त्याने मान कुणाकडे वळवली ते घरी जाऊन लिहायचं. आजींनी बाळ का दिलं, आई तेव्हा कुठे होती, तिचा चेहरा कसा झाला, हेही लिहायचं. इथे बघायचं ते बाळ आणि आई अशी जोडी नसून सगळं माजघर असेल.

पण मला सर्वांत निकड वाटते ती दुसऱ्या मुलांची. दसरा-दिवाळीच्या सुमाराला बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. काही मुलं आईवडिलांबरोबर कोपीत (खोपटात) राहायला जातात, काही गावात आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, पाच-सहा महिने. आदिवासी भागांत सहा-सात वर्षांचं मूल आश्रमशाळेत येतं आणि दिवाळीच्या सुट्टीत घरी जातं. या मुलांच्या हजेरीची, वजनाची, गळतीची नोंद सरकार ठेवतं. बालसंगोपन योजनेतून मूल संस्थेऐवजी नातलगांकडे वाढावं यासाठी पैसेही देतं. ताटातुटीच्या पहिल्या पंधरवड्यात त्या मुलांच्या संध्याकाळी काय होतं, कोण आक्रोश करतं, कोण गप्प होतं आणि कोण भलतंच लवकर ‘रुळतं’, हे टिपायला मात्र रॉबर्टसन यांच्यासारखा शिकलेला डोळा लागेल. वसतिगृहातल्या स्वयंपाकीण मावशींना आणि शिपाई काकांना त्यातलं बरंच ठाऊक असणार.

त्यासाठी नवीन विद्यापीठ काढायची गरज नाही. मानवी विकास किंवा समाजकार्य शिकवणाऱ्या एखाद्या विभागाने पदव्युत्तर वर्गातल्या चार जणांना अशा एका वसतिगृहात वर्षभर, ठरलेल्या वारी, एक तास पाठवावं. पहिला तास मुलं आल्याच्या पहिल्या आठवड्यातच हवा. जाताना वही नको. परत आल्यावर त्याच रात्री लिहून काढायचं, आणि पुढच्या आठवड्यात चौघांनी एकत्र बसून एकमेकांना वाचून दाखवायचं. मावशी आणि काकांनाही त्या चर्चेला बोलवावं, चहापाण्यासाठी नाही, त्यांनी पाहिलेलं सांगण्यासाठी. हे प्रात्यक्षिक शंभर गुणांचं ठेवलं तर विद्यार्थी ते मनावर घेतील.